फाईलचा अंगठा

बावधनच्या ऑफिसातले किस्से मी सुरू केले की माझा नवरा चहाचं आधण वाढवतो. ही एका किश्श्यावर थांबत नाही, हे त्याला पाठ झालंय!

ही २००६-०७ सालची गोष्ट. कंपन्या आपलं सॉफ्टवेअर आमच्याकडे तपासायला पाठवायच्या, की यात बाहेरून घेतलेलं काय काय आहे? आमचं मशीन प्रत्येक फाईलचा ‘हॅश’ काढायचं, म्हणजे चाळीस अक्षरांचा ठसा. मग तो माहितीतल्या पॅकेजांच्या, म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या तयार सॉफ्टवेअरच्या, ठशांशी ताडून बघायचं. फाईलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खा ठसा बदलणार!

*

भरे गावचे किसनमामा आमचे वॉचमन. एकदा त्यांनी विचारलं, “म्याडम, तुमी दिसभर हितं करता तरी काय?”

“मामा, आम्ही फायलींचे अंगठे घेतो.”

मामा म्हणाले, “आन् फाईल शिकल्याली असंल तर?”

*

सुजाता नांदेडची, ऑफिसातली सगळ्यात अबोल मुलगी. तिला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारलं, “काय काम असतं गं?”

“फायली ओळखते.”

“अगंबाई! पौडच्या तहसील कचेरीत का?”

“नाही, कम्प्युटरवरच्या.”

“मग ओळखायच्या कशाला? वर नाव नसतं का?”

असा नेमका प्रश्न आम्हाला क्लायंटनेही कधी विचारला नव्हता! सुजाताने होकार देऊन टाकला. म्हणाली, “एवढ्या हुशार सासूबाई सोडायच्या कशा?”

*

मनोज नवा होता. दोन फायली अक्षरन् अक्षर सारख्या, पण ठसे वेगळे! पठ्ठ्याने दोन्हींचे प्रिंट काढले आणि प्रत्येक ओळीखाली पट्टीने रेघ मारत दोन दिवस ताडत बसला. शेवटी आमच्या प्रमुख कुलकर्णी सरांनी बघितलं. एक फाईल विंडोजवर सेव्ह झालेली, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर जास्तीचं होतं.

मनोज रडवेला झाला. “सर, मग मी दोन दिवस पट्टी लावली त्याचं काय?”

“रेघा सरळ आल्यात.”

*

याच मनोजने एकदा रिपोर्ट दिला, की क्लायंटची एक फाईल शेकडो पॅकेजांत सापडली! क्लायंट घामाघूम होऊन धावत आले. फाईल उघडली, तर आत काहीच नाही. रिकामी! जगातल्या सगळ्या रिकाम्या फायलींचा ठसा एकच असतो.

“मग ही नक्की कोणाची धरायची?” क्लायंटने काकुळतीने विचारलं.

सर गंभीरपणे म्हणाले, “ठेवा तुम्हीच. कोणी मागायला येणार नाही.”

*

आणि एक मालक आले होते. त्यांची कंपनी विकली जाणार होती आणि सौदा आमच्या रिपोर्टवर अडला होता. “सगळं आमच्याच माणसांनी लिहिलंय,” ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

सरांनी एक फाईल दाखवली. तिचा ठसा इंटरनेटवरच्या एका फुकट पॅकेजशी तंतोतंत जुळत होता.

मालक भडकले. “योगायोग असेल! या एका फाईलवर आमचा सीनियर इंजिनियर सहा महिने बसला होता!”

कोपऱ्यात लिहून घेणाऱ्या सुजाताने पेन खाली ठेवलं.

“सर, ती मी कॉलेजात असताना लिहून इंटरनेटवर टाकली होती,” ती हळूच म्हणाली. “मला दोन रविवार लागले.”