पेंढ्याची उडवी आणि चाळीस खुर्च्या

माझे सासरे, आबा, अठरा वर्षं माझ्या गाडीत बसले नाहीत. नवरा चालवत असला की बसायचे, तेही पुढे, खिडकी खाली करून, रुबाबात. मी चावी हातात घेतली की मात्र त्यांना लगेच चालण्याचे फायदे आठवायचे. बदलापुरात लग्न असलं आणि नवरा ड्युटीवर असला, तर आबा शेअर रिक्षाने पुढे आणि मी त्याच लग्नाला रिकाम्या गाडीने मागे, अशी आमची वरात चामटोली गावातून निघायची. एकदा मी चिडून त्या रिक्षाला ओव्हरटेक केलं, तर आबा दोन दिवस माझ्या हातचा चहा प्यायले नाहीत.

दोष माझा होता, हे मी मान्य करते. पण अठरा वर्षं पुरेल इतका नव्हता. मला लायसन्स मिळून आठवडा झाला होता. आबांना भाताच्या गिरणीतून घरी आणत होते. अंगणात वळले, ब्रेकवर पाय दिला (तो ब्रेकच होता असं माझं आजही म्हणणं आहे) आणि गाडी सरळ तिथे रचलेल्या पेंढ्याच्या उडवीत शिरली. चारही काचांवर पेंढा. आत काळोख. मग शेजारून आबांचा शांत आवाज आला, "पोचलो का गो?"

अर्धं गाव आम्हाला उपसायला आलं. आबा उतरले, टोपी झटकली आणि घरात गेले. भांडले असते तर मीही भांडून मोकळी झाले असते, त्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही. पण ते एक शब्द बोलले नाहीत, फक्त पुन्हा बसले नाहीत. ते मला फार लागलं होतं. मी पुढे अठरा वर्षं गाडी चालवली, रोज संध्याकाळी बदलापूरला गणिताच्या क्लासला गेले-आले, कुणाला ओरखडाही काढला नाही. पण डावीकडची सीट रिकामी दिसली की माझं डोकं फिरायचं.

ऑटोक्रॉसचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते उल्हासनगरच्या आमच्या गॅरेजवाल्याने. तो सिंधी, मी मराठी, आणि आम्ही दोघंही एकमेकांशी तिसऱ्याच भाषेत बोलतो. त्याच्या गल्लीत टेम्पो, हातगाड्या आणि सोफ्यांचे सांगाडे यांच्यातून मी गाडी उलटी बाहेर काढताना त्याने पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, तुम्ही कॉम्पिटिशनमध्ये नाव द्या ना. खाली मैदान, बीच में कोन, बस घुमाना है. ये गल्ली से तो आसानच आहे."

खेळ खरंच तेवढाच. मोकळ्या मैदानावर, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसले नारिंगी कोन मांडून वाट आखलेली असते. एका वेळी एकच गाडी सोडतात, समोर फक्त घड्याळ. कोनला धक्का लागला की वेळेत दंड वाढतो, वाट चुकलात तर ती फेरीच बाद. आणि शेवटी चार कोनांचा एक चौकोन असतो, त्याच्या आत गाडी पूर्ण थांबवायची. जवळपासच्या स्पर्धेत महिला गटात आम्ही तिघी होतो. एक वाट चुकून थेट पार्किंगमध्ये गेली, दुसरीची गाडी सुरूच झाली नाही, म्हणून मी पहिली आले. त्या पहिल्या नंबरावर मला पुण्याकडच्या राष्ट्रीय पातळीवरच्या हौशी स्पर्धेत प्रवेश मिळाला. घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने पेढे आणले. आबांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "तिथं पेंढा आसतो का?"

तयारीची सुरुवात गाडी हलकी करण्यापासून झाली. गॅरेजवाल्याने दरवाजे उघडले आणि एकेक वस्तू फुटपाथवर मांडायला लागला. तीन छत्र्या, अर्धं पोतं वाल, दोन कंपासपेट्या, मागच्या दसऱ्याचा नारळ, नवऱ्याची एकच चप्पल आणि कुणाच्या तरी बारशाच्या न वाटलेल्या पत्रिका. ते मूल एव्हाना शाळेत जात होतं. "दीदी, ये गाडी है या माळा?" तो म्हणाला. डॅशबोर्डवरचा गणपती पक्का चिकटवलेला होता, म्हणून तो राहिला. मग त्याने मागची सीट काढली आणि पुढची डावीही काढली. आमच्या गटात ते चालत होतं, मी नियम दोनदा वाचले होते. आता गाडीत एकच सीट उरली, माझी.

काढलेल्या सीट टेम्पोने घरी आल्या. मागची माळ्यावर गेली. डावी पडवीत चार विटांवर ठेवली, तात्पुरती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आबा तिच्यात बसून पेपर वाचत होते. दुपारपर्यंत त्यांना बाजूचा खटका सापडला होता. खटका ओढला की पाठ मागे, सोडला की पुढे. जेवण झालं की मागे, चहा आला की पुढे. शेजारचे म्हातारे खटका ओढून बघायला आले, तर आबा कुणाला हात लावू देईनात. हा माणूस माझ्या गाडीत बसत नव्हता, पण माझ्या गाडीची सीट सोडत नव्हता. मी त्यांच्यासमोरून तीन वेळा नुसतंच आत-बाहेर केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

सरावाला कोन हवे होते. ते काही जमले नाहीत. तेव्हा पौष लागला होता, लग्नं बंद होती, आणि माझ्या चुलत दिराच्या मंडपाच्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या नुसत्या पडून होत्या. मी चाळीस मागून घेतल्या. गावाबाहेरच्या माळावर क्रिकेटच्या सामन्यांसाठी रोलर फिरवलेला होता. सकाळी टेप घेऊन मी आणि नवऱ्याने अंतरं मोजून खुर्च्या मांडल्या. चाळिसावी ठेवून मान वर केली, तर पहिल्या अकरा खुर्च्यांवर माणसं बसली होती.

"साहेब कवा येनार?" एका आजोबांनी विचारलं.

"कुठले साहेब?"

"ज्यांचा कार्यक्रम हाय ते."

चूक माझीच. आमच्याकडे मैदानात खुर्च्या मांडल्या म्हणजे कार्यक्रम, आणि कार्यक्रमाला पुढची रांग पकडायला लवकर यावं लागतं, हे मला कळायला हवं होतं. मी सांगितलं की कार्यक्रम नाही, मला गाडी चालवायचीय. त्यांनी माना डोलावल्या आणि बसून राहिले. दोन मावश्यांना ऊन लागत होतं, म्हणून त्यांनी आपापल्या खुर्च्या आंब्याखाली ओढल्या. त्या दोन खुर्च्या म्हणजे माझं सगळ्यात अवघड वळण होतं. मी आवाज चढवला, "या खुर्च्या बसायला नाहीत हो!"

"मंग खुर्ची कशाला?" आजोबा म्हणाले.

त्या दिवशी सराव झाला नाही, उलट नवऱ्याला सगळ्यांसाठी चहा आणावा लागला. दुसऱ्या दिवशी माणसं वाढली, कारण काल चहा मिळाला होता.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्या खुर्च्या उलट्या ठेवल्या, पाय वर करून. आता बसणार कसं? लोक आले, त्या चाळीस उलट्या खुर्च्यांकडे बघत राहिले, आणि शेवटी बिचारे बांधावर बसले. मी सुरू केलं. नवऱ्याकडे मोबाइलवर वेळ लावायचं काम होतं, पण तो बघण्यात इतका रमायचा की बटण दाबायचंच विसरायचा. "किती झाले?" विचारलं की म्हणायचा, "छान गेलीस." वळणं मला पटापट जमायला लागली. अडायचं ते शेवटच्या चौकोनात. दर वेळी गाडी चौकोनाच्या पलीकडे जायची आणि समोरच्या दोन खुर्च्या टायरखाली करकरायच्या. तीन दिवसांत सहा खुर्च्या गेल्या. बांधावरून कुणीतरी ओरडायचं, "उडवीत गेली गो!" आणि सगळे हसायचे. गाव काही विसरत नाही.

सहाव्या दिवशी आबा काठी टेकत माळावर आले. थेट चौकोनाच्या पुढे गेले, एक उलटी खुर्ची सुलट केली आणि तिच्यात बसले. तोंड माझ्याकडे.

मी गाडी बंद करून उतरले. "आबा, उठा."

"मी नाय उठायचा. तुला इथं थांबायचा हाय ना? मंग थांब."

"मला नाही थांबता येत, हाच तर घोळ आहे!" हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं की बांधावरचं हसणं थांबलं. आबा असताना मी गाडी सुरू करणार नाही, असं सांगून मी बॉनेटवर हाताची घडी घालून बसले. आबा खुर्चीत बसले. अर्धा तास आम्ही दोघं तसेच. लोकांना गाडीपेक्षा हेच जास्त आवडलं. शेवटी नवऱ्याने तह केला. आबांची खुर्ची बांधाच्या पलीकडे, चांगली वीस पावलं लांब आणि बाजूला न्यायची. गाडी थांबली की आबांनी येऊन काठीने मोजायचं.

मग रोज तसंच. मी फेरी मारून थांबायचे, आबा उठून यायचे, बंपरपासून चौकोनाच्या पुढच्या रेघेपर्यंत काठी टाकायचे आणि निकाल सांगायचे. "दीड काठी पुढं." "एक काठी पुढं." कधी, "आज लवकर भ्यालीस. एक काठी मागं." स्तुती नाही की टोमणा नाही, फक्त काठ्या. मी गणिताची बाई, मला हे कळलं. ब्रेक आठ हात आधी लावायला लागले. निघायच्या आदल्या दिवशी आबांनी काठी टाकून बघितली, पुन्हा टाकली, आणि काहीच न बोलता घरी जाऊन सीटचा खटका मागे ओढून पडले. म्हणजे मी बरोबर थांबले होते.

स्पर्धेच्या गावाला मी गाडीने एकटी गेले. आबा आणि नवरा एसटीने. अठरा वर्षांत पहिल्यांदाच आबांकडे सांगण्यासारखं कारण होतं. निघताना त्यांनी गाडीत डोकावून मला ऐकवलंही, "सीटच नाय, कसा येनार?" सीट त्यांच्याच ताब्यात पडवीत होती, पण मी जीभ चावली.

तिथे सगळ्यांच्या गाड्या चकचकीत होत्या, दारांवर स्टिकर. माझ्या गाडीत वालाचे चार दाणे निघाले, तपासणीवाल्याने ते वेचून माझ्या हातावर ठेवले. तीन फेऱ्या होत्या, त्यातली चांगली धरणार. पहिल्या फेरीत मी वाट चुकले. खरे कोन इतके छोटे असतात की लाल खुर्च्यांची सवय असलेल्या डोळ्यांना ते दिसेचनात. दुसऱ्या फेरीत दोन कोन उडाले आणि चौकोन ओलांडून गेले. हेल्मेटच्या आत मी स्वतःला दोन अस्सल शिव्या दिल्या.

तिसऱ्या फेरीच्या आधी कठड्यापलीकडे बघितलं. आबांनी कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची मिळवली होती आणि बरोबर चौकोनाच्या रेषेत, लांबवर, काठी घेऊन बसले होते. मला हसू आलं, आणि हसू आलं तसा हातांचा ताण गेला. त्या फेरीत एकाही कोनला धक्का लागला नाही. चौकोन आला. आठ हात आधी ब्रेक. गाडी थांबली. आबा कठडा ओलांडून मोजायला निघाले होते, त्यांना तिथल्या माणसांनी धरून परत बसवलं. मी अकरा जणींत सातवी आले. नवऱ्याने तिन्ही फेऱ्यांची वेळ लावली नव्हती.

सोमवारी सकाळी गॅरेजवाला सीट परत बसवायला पाना घेऊन घरी आला. आबा पडवीत, सीटमध्ये, पेपर घेऊन. "काका, उठो ना जरा," तो म्हणाला. मला वाईट वाटलं. इतक्या दिवसांची सवय झाली होती म्हाताऱ्याला. मी म्हटलं, "राहू दे. भंगारातून दुसरी डावी सीट आण. ही आबांना असू दे."

आबा उठले. खांद्यावरच्या पंच्याने सीट झटकली.

"हीच लाव गाडीत. मला बसायचा हाय."

नवरा ड्युटीवर होता, हे त्यांना माहीत होतं. तरी मी मुद्दाम विचारलं, "कोण नेणार तुम्हाला?"

"तू. दुसरा कोन हाय हितं?"

माझे डोळे भरले, म्हणून मी गॅरेजवाल्यावर ओरडले की नटबोल्ट इतके हळू का पिळतोस. त्याला काही कळलं नाही.

आम्ही सोनिवलीवरून बदलापूरला जाऊन आलो. आबांनी वरचं हँडल एका हाताने आणि काठी दुसऱ्या हाताने घट्ट धरली होती, आणि पायाने त्यांच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होते. परत आलो. अंगणात वळले, तर समोर यंदाची उडवी उभी, तिथेच, जिथे ती दर वर्षी असते. आबांनी डोळे मिटले. मी ब्रेक लावला.

गाडी थांबल्यावर त्यांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. उतरले. बंपरपासून उडवीपर्यंत काठी टाकली.

"दोन काठ्या," म्हणाले.

मग घर आलेलं असूनही ते परत येऊन सीटवर बसले, दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "आनखी एक फेरी मार."