नाना मोटार शिकतात

निर्णय लांबणीवर टाकण्यात आमच्या मेहुण्यांचा हात धरील असा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नाही. ते माझ्या बायकोचे थोरले भाऊ. धरणगावजवळच्या खेड्यात त्यांची कपाशीची शेती, आणि मी धुळ्याच्या कचेरीत कारकून. सारं गाव त्यांना नाना म्हणे, म्हणून मीही म्हणे. घर बांधताना दार पूर्वेला असावं की उत्तरेला, यावर दोन जाणत्यांची दोन मतं पडली, तेव्हा नानांनी दोन्हीकडे दारं काढली. मग पाहुणा कुठून उगवेल हे कोणालाच सांगता येईना. एकदा मी उत्तरेच्या ओट्यावर तासभर बसून राहिलो आणि नाना माझी वाट बघत पूर्वेच्या दारात उभे! बरं, माणूस मठ्ठ म्हणावा तर तसंही नाही. प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू त्यांना इतक्या स्वच्छ दिसत की ऐकणाऱ्याचीच मती गुंग व्हावी.

अशा माणसानं एका जिनिंगवाल्या शेटजींची जुनी मोटार विकत घेतली, त्याला कारण होतं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. पण त्यांना न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो. सासूबाई, म्हणजे हिची आई, वारल्या त्या वर्षी हिला न्यायला कोणी आलं नाही. दुखवट्याचं वर्ष, त्याला कोण काय म्हणणार? पुढं नानांनीच शब्द दिला, "आते आखाजीले मी सोता मोटार हाकीसन तुले लेवाले येसू." तेव्हापासून ही दिवस मोजू लागली. शेजारणी "मोटार कधी येणार?" म्हणून विचारायच्या आणि ही नुसती हसायची.

आता मोटार शिकायची कशी? जळगावला एक म्हातारे खाँसाहेब होते, ते दर बाजाराच्या दिवशी एक धडा देत. त्यांचं म्हणणं, विद्या मुरली पाहिजे. धुळ्याला लढाईवरून परतलेले एक हवालदार होते, ते पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ जुंपून माणूस तयार करून देत. त्यांचं म्हणणं, मुरायला विद्या म्हणजे लोणचं नव्हे. नानांना दोघांचंही पटलं आणि तिथंच घात झाला. ते माझ्याकडे सल्ला मागायला आले. "पाव्हना, वावरमा बठ्ठं पानी एकदम सोडं ते वाफा फुटी जास," ते म्हणाले. मी म्हटलं, मग आठवड्याला एक धडाच बरा. लगेच चेहरा पाडून म्हणाले, "पन पोहनं का आठोडाले एक हात मारीसन येस?" मी म्हटलं, मग पंधरा दिवसच बरे. त्यावर पुन्हा वाफा. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी कचेरीत साहेबांनी मला साधा प्रश्न विचारला, तर माझ्या तोंडून "दोन्ही बरोबर" असं उत्तर गेलं. ती आखाजी अशी विचारातच गेली.

शेवटी वैतागून मीच म्हटलं, "नाना, दोन्ही करा!" हे माझ्या हातून झालेलं मोठं पाप. नाना आमच्याकडे मुक्कामाला येऊन हवालदारांकडे जाऊ लागले आणि मध्येच बाजाराचा दिवस आला की जळगाव गाठू लागले. आता गंमत अशी, की दोन्ही गाड्या वेगळ्या घडणीच्या. जळगावची गाडी पायाखालची मधली पट्टी दाबली की थांबे, आणि धुळ्याची तीच पट्टी दाबली की मागं जाई. धुळ्याची उजव्या पायानं थांबे, तर जळगावची त्याच पायानं पळे. एका टांग्यासमोर थांबायचं म्हणून नानांनी हवालदारांची गाडी सरळ उलटी नेऊन कडब्याच्या गंजीत घातली. पुढच्या आठवड्यात जळगावला थांबता थांबता ते मिरच्यांच्या ढिगात शिरले. कोणाला खरचटलं नाही, पण अर्धा बाजार शिंकत होता आणि खाँसाहेब शिंकत शिंकतच रागावत होते. घरी आल्यावर नाना पाटावर बसून दोन्ही पाय आळीपाळीनं हलवत, आणि ही तिथंच उभी राहून म्हणे, "नाना, जेव ना आते." मी हसून हसून बेजार होई. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

पुढची आखाजी आली. आदल्या दिवशी सकाळीच हिचं गाठोडं बांधून तयार होतं. दुपारी नाना आले ते पायी, उतारूंच्या सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यावरून, धुळीनं माखलेले. मी थट्टेनं विचारलं, "का हो, अजून कुठली पट्टी ते ठरलं नाही वाटतं?"

नाना खाली बघत म्हणाले, "मोटार माले येस, पाव्हना. फागूनमाच इ गयी. आज धरणगावलोंग लई बी उनथू. मंग परत फिरनू."

"मोटार येते, धरणगावपर्यंत आणलीही, आणि परत फिरलात? का?"

ते बहिणीकडे वळून म्हणाले, "तू गाडीमाईन उतरशी, अन् दारमा भाकरना तुकडा ओवाळाले माय नही. माले ते देखवस नही, बाई."

आजवर पंधरा दिवस की आठवड्याला एक, असा घोळ हा माणूस का घालत होता, ते मला तेव्हा कळलं. शिकणं संपलं असतं तर बहिणीला आई नसलेल्या त्या घरी न्यावं लागलं असतं. हिला मात्र ते आधीच कळलं असावं, कारण तिला जराही नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं गाठोडं उचलून त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, "मी मोटारनी वाट नही देखी ऱ्हायनू, नाना. तुनी देखी ऱ्हायनू. चाल. रडनं ते दोन्ही मिळीसन रडू."

मी त्यांना अड्ड्यापर्यंत पोचवायला गेलो. सर्व्हिस मोटारीत मागच्या बाकावर दोघं खेटून बसली. गाडी सुरू झाली तेव्हा नाना डोक्याचं मुंडासं काढून त्याच्या टोकानं हिचे डोळे पुसत होते, आणि ही त्यांच्या धोतरावरची धूळ झटकत होती. मी बराच वेळ हात हलवला, पण दोघांपैकी कोणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.