आसरांचे कोरडे पाय

मी आमच्या वाडीचा पोलीस पाटील. पोलादपूरला जाणाऱ्या रस्त्यावर ओढ्याची फरशी आहे, बिनकठड्याचा ठेंगणा पूल. पावसाळ्यात तिच्यावर किती पाणी आहे ते बघायचं, फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा आणि वेळ आली तर दोरी बांधून रस्ता अडवायचा, हे माझं काम. ऐकायला सोपं आहे. मला मात्र ते कधी धड उमगलं नाही.

कारण खुणा दोन. एक तालुक्याने रोवलेला रंगीत खांब. पाणी लाल पट्ट्याला लागलं की रस्ता बंद. पण एका ट्रकने ठोकरल्यापासून तो कललेला, खरं सांगतो की खोटं कोण जाणे. दुसरी खूण पणज्याच्या वेळची, काठावरचा आसरांचा शेंदरी दगड. या पाणदेवतांचे पाय भिजले की कोणी पलीकडे जायचं नाही. वाडीचा सगळा भरवसा दगडावर, माझाही.

त्या दुपारी पुतणीला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, मुंबईहून बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला पोलादपूरच्या दवाखान्यात नेणारी जीप आली तेव्हा मी दोरी बांधून उभा होतो. पाणी लाल पट्ट्याला लागलेलं आणि आसरा कोरड्या! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझं डोकंच चालेना.

वहिनी जीपमधून ओरडली, "भावोजी, आसरांचं पाय सुकं हायत! बघताय काय नुसतं? सोडा ना!"

मी दोरी सोडली.

मधोमध जीप बंद पडली. दारातून पाणी आत शिरलं. माणसांनी हाताला हात धरून पुतणीला मागे आणलं आणि शाळेच्या व्हरांड्यात ती बाळंत झाली. दोघं वाचली. नशीब बलवत्तर, असं सगळे म्हणाले. मीही मान हलवली, पण आसरांनी फसवलं कसं, हे काही केल्या कळत नव्हतं.

बारशाला न राहवून मी पुतणीलाच विचारलं, "देव कोरडा नि रस्ता पाण्यात, असं कसं गो झालं?"

ती बाळाला थोपटत होती. तिने मान वर केली नाही. "काका, महापुरानंतर दगड गाळातनं काढून कमरेएवढ्या चौथऱ्यावर बसवलात ना?"

बसवला होता. सिमेंट मीच कालवलं होतं, आसरांचे पाय पुन्हा भिजू नयेत म्हणून.