सूचीतली दगडीबाई

पिंप्राळ्यातल्या कोकिळाताईंना कुणी विचारलं, तुम्ही काय करता, की त्या सांगतात, सूची. समोरचा म्हणतो, म्हणजे अनुक्रमणिका का? की ताईंचं डोकं फिरलंच. अनुक्रमणिका पुस्तकाच्या तोंडाशी असते, ती कुणीही करतो. सूची शेवटी असते, कोण आणि काय कुठल्या पानांवर आलंय ते सांगते, आणि ती करायला अख्खं पुस्तक वाचावं लागतं. एवढे कष्ट लेखकसुद्धा घेत नाहीत, असं त्यांचं पक्कं मत आहे.

वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या पसरून त्यांनी तीसेक पुस्तकांच्या सूची केल्या. लेखकाला सूट नाही. केळीवरच्या एका जाडजूड ग्रंथात एकच किस्सा तीनदा आला, तेव्हा त्यांनी नोंद केली: 'मामांची फजिती, १२, तीच फजिती, ५७, पुन्हा तीच, १०३.' लेखक आठवडाभर फुगून बसला, मग त्याने दोन फजित्या गुपचूप काढून टाकल्या.

यंदा धुळ्याचे निवृत्त मुख्याध्यापक रतिलाल सर यांनी आपल्या सोनखेडी गावाचा इतिहास लिहिला. ताई त्याची सूची करायला बसल्या आणि अडल्या. पुरुष सगळे नाव-आडनावासकट हजर. बायका मात्र 'झिपरू पाटलांची सून', 'नवलची आई', 'शाळेला गोठा देणारी बाई', 'पुरात दोर धरून उभी राहिलेली कुणी एक'. आणि गंमत म्हणजे या चारही जणी डावखुऱ्या! ताईंनी चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, साल-तारखा जुळवल्या आणि टेबलावर हात आपटला. बाई एकच होती.

फोनवर सर चाट पडले. चार गोष्टी त्यांनी चार जणांकडून ऐकल्या होत्या. त्या बाईचं नाव मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. शुक्रवारी पुस्तक छापायला जातंय, 'नवलची आई' एवढंच लावून टाका, म्हणाले.

ताई भडकल्या. सात पानं गाजवणारी बाई, आणि तिला मुलाच्या नावाखाली झाकायची? गुरुवारी सकाळी त्यांनी धुळ्याची एसटी पकडली आणि पुढे रिक्षाने सोनखेडी गाठलं.

नवलभाऊ, आता साठीचे, ओट्यावर बसले होते. शेजारी त्यांची आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, अर्थातच डाव्या हाताने. ताईंनी तिचं नाव विचारलं. नवलभाऊंनीच उत्तर दिलं, वच्छलाबाई.

म्हातारी हसली. "ते सासरनं नाव शे. मायबापनं ठेयेल नाव दगडी."

नवलभाऊंनी हे जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नाव दगडी ठेवलं होतं. सासरच्यांना ते रुचलं नाही, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं गेलं.

ताईंनी समजावून सांगितलं की सूचीत पानांचे आकडे एकाच नावापुढे येतात, दुसऱ्यापुढे नुसतं 'ते नाव पाहा'. आकडे कुठल्या नावापुढे घालू? नवलभाऊ म्हणाले, वच्छलाबाईच बरं, गाव त्याच नावाने ओळखतं. म्हातारीने हातातली शेंग खाली ठेवली.

"दगडी लिखा," ती म्हणाली. "सत्तर वरीसमा त्या नावनी कोणी हाक मारी नही."

परतीच्या एसटीत ताई खिडकीकडे तोंड करून रडल्या, आणि त्यांना फार छान वाटत होतं.

पुस्तक निघालं त्या दिवशी गावाच्या सभामंडपात एकानेही पहिलं पान उघडलं नाही. सगळे मागून सुरू, बोट फिरवत आपापलं नाव शोधत. रतिलाल सर माईकवर प्रस्तावना सांगत होते, ऐकतंय कोण? नवलभाऊंनी आईच्या कानाशी वाकून वाचलं, "पाटील, दगडीबाई. चौदा, एकतीस, बत्तीस, त्रेसष्ट, नव्वद, एक्क्याण्णव, एकशे अठरा."

ती बोटांवर मोजत होती. मोजून झाल्यावर तिने विचारलं, "आणि मना सासराना कितला?"

नवलभाऊंनी आजोबांचं नाव शोधलं. "चार."

दगडीबाईंनी पदर तोंडाशी नेला, पण हसू काही आवरेना. मग त्यांनी मुलाला स्वतःचे आकडे पुन्हा वाचायला लावले, या वेळी जरा मोठ्याने.