टिनाची चमक आणि चाचीच्या बोळातले पापड

लग्न होऊन मी पिंपळगाव राजाहून खामगावात आले, तेव्हा आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. आज त्या पोरीकडे पाहते तर वाटतं, हिला कोणी दोन महिने नुसतं विहिरीवर पाणी ओढायला बसवायला हवं होतं. घराचं फार भलं झालं असतं.

आमचं घर तीन खोल्यांचं, धाब्याचं. वर लाकडाचे आडवे सर, त्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, त्यावर हातभर जाड पांढरी माती. पुढे अंगणात कडुलिंब, मागे पिंजाऱ्यांचा बोळ, इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकानं भिंतीला पाठ लावावी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. कापसाच्या दिवसांत खामगावच्या बाजारात गाड्यांची रांग हलत नसे, आगगाडी गावापर्यंत येत होती, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे वाजत होते. अशा गावात राहून आपल्या घरावर पावसाळ्यात गवत उगवतं, ही मला नामुष्की वाटायची. जिनांवरची टिनं उन्हात कशी लखलख करायची. माझे बाबा गाडी जुंपून येतील तेव्हा त्यांना वाटेवरूनच माझं घर चमकताना दिसावं, एवढी एकच माझी मोठी आकांक्षा होती.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, एका जिनात मुकादम होते. तिथल्या जुन्या शेडची टिनं उतरली, आणि मी जेवण सोडलं. म्हणजे सगळ्यांसमोर सोडलं. चुलीमागे गुळाचा डबा होताच. चौथ्या दिवशी मामंजी कंटाळले आणि मोठ्या खोलीचं धाबं उतरवून त्यांनी वर टिनं टाकली.

एवढ्यावर थांबेन ती मी कसली. पाय मातीनं भरतात म्हणून अंगणात फरशी घालून घेतली. फरशीवर पाला पडतो म्हणून कडुलिंबाच्या फांद्या उतरवल्या. मागच्या खिडकीतून पिंजाऱ्यांच्या धुनकीचा कापूस उडत येतो म्हणून खिडकीला विटा लावल्या. दिवाळी ते संक्रांत, एवढ्यात मी एका थंड खोलीची भट्टी केली, आणि वर ऐटीत म्हणायची, आता कसं शहरातल्यासारखं वाटतं.

माझी नणंद सुलतानपूरला दिलेली. तिला दिवस गेले होते, पहिलं बाळंतपण, वैशाखात. ते माहेरी व्हायचं आणि त्याच मोठ्या खोलीत व्हायचं, हे ठरलेलं. सासूबाईंनी डिंक निवडून ठेवला होता, साजूक तुपाचा गडगा भरत आणला होता. होळी झाली आणि नणंदेची सासू, आमच्या विहीणबाई, बाजाराच्या निमित्तानं खोली पाहायला आल्या. भर बाराला आम्ही त्यांना तिथंच पाटावर बसवलं. मी मोठ्या अभिमानानं. त्यांनी पदरानं मान पुसली, कपाळ पुसलं, मग वर पाहिलं.

"हे काय वं माय, खोली हाय का भट्टी? इथं निजवता आमच्या पोरीले? त्या लेकराचं शिजून भरीत होईन."

"अजून दीड महिना हाय विहीणबाई, काही करू," सासूबाई म्हणाल्या.

"मंग करा. रामनवमी झाली का मी पुन्हा येतो. अशीच राह्यली तं पहिलं बाळंतपण आमच्याकडंच. पोर पाठवत नाही."

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आली नाही, तर अख्खी आळी कारण विचारते. आणि कारण डोक्यावर चमकतच होतं. सासूबाईंनी तुपाचा गडगा उचलून फळीवर मागे सरकवला. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर मी उलट बोलून मोकळी झाले असते.

तेवढ्यात पापड आले. आमच्या आळीत उडदाचे पापड सगळ्या बायका मिळून लाटायच्या, आणि वाळवायला एका घरी जागा पुरत नाही म्हणून सुपं वाटून द्यायच्या. त्या वर्षी एक सूप मागच्या बोळातल्या पिंजाऱ्याच्या बायकोकडं गेलं. आम्ही तिला चाची म्हणायचो. एका बाईनं नाक मुरडलं, तर सासूबाई म्हणाल्या, "वाळवण उन्हाचं राह्यते, घराचं नाही."

दुसऱ्या दिवशी सुपं परत आली. पीठ एक, लाटणाऱ्या त्याच. माझ्या फरशीवरचे पापड वाळक्या पानासारखे वळले होते, हात लावला की कटकन मोडत होते. चाचीचे मात्र सरळ, मऊसर, गुंडाळले तर गुंडाळले जातील असे. बायका हसल्या. "हिनं पापड वाळवले का भाजले?"

मला राग आला, पण रागाखाली काहीतरी टोचलं. मी पुन्हा थोडे लाटले आणि चार-चार पापड ठिकठिकाणी ठेवले. जिनाच्या उघड्या मैदानाजवळ सासूबाईंची मैत्रीण राहायची, तिच्या ओट्यावर. बाजारातल्या फरशीबंद दुकानापुढे. मारुतीच्या पाराखाली वडाच्या सावलीत. चाचीच्या बोळात. आणि माझ्या टिनाच्या खोलीत, आत, सावलीतच. गावात चर्चा की मुकादमाच्या सुनेला ऊन लागलं. तिसऱ्या प्रहरी सगळे गोळा केले. पाराखालचे आणि बोळातले चांगले. बाजारातले वाकडे. जिनाजवळचे तडकलेले. आणि सगळ्यांत वाईट कुठले, ते सांगायला मला आजही लाज वाटते. माझ्या खोलीतले. ऊन न लागता तडकले होते.

मी ते पदरात घेऊन चाचीकडं गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या उंबऱ्याच्या आत.

"चाची, तुझ्या घरात काऊन थंड लागते?"

"हमारे यहां धूप को बैठने की जगा नाही, बेटी," ती म्हणाली आणि मग माझ्यासाठी मराठीवर आली. "दोन भिंती हायत न, ही तिच्यावर सावली टाकते, ती हिच्यावर. बारा वाजता ऊन येते, एक वाजता जाते. तुमच्या घराले दिवसभर चहूकडून भेटते. अन् खाली फरशी, वर टिन. तू मंधात."

"अन् वारा?"

तिनं आमच्या खिडकीच्या दिशेनं बोट केलं. "वारा होता. बोळातून येये, तुमच्या खिडकीतून जाये, आंगणात निघे. तू विटा लावल्या तवापासून तुमचाही गेला, आमचाही गेला."

विटा लागल्यापासून ती हे एकदाही बोलली नव्हती.

संध्याकाळी मामंजी ओट्यावर बसले होते. मी दाराआडून म्हणाले, "मामंजी, टिनावर माती टाका लागते."

"माती काढून टिन टाकलं. आता टिनावर माती. मंग मातीवर पुन्हा टिन टाकशीन का?"

"नाही. तेवढी अक्कल आली."

"अन् पऱ्हाटी टाकली, जिनाची ठिणगी पडली तं?"

"पऱ्हाटी मातीखाली राहीन. ठिणगीले दिसणार नाही."

मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. हसू लपवायचं असलं की ते तसं करायचे. "यावेळी जेवण सोडलं का?"

"नाही."

"मंग होईन."

टिनाखाली दोन सर जास्तीचे लावले, वर पऱ्हाटी पसरली, वर पांढरी माती. चाचीच्या घरची माणसं टोपल्या द्यायला आली. अंगणातली फरशी उचलून न्हाणीला नेली आणि मातीवर रोज सकाळ-संध्याकाळ सडा. कडुलिंबाच्या फांद्या तेवढ्या मला परत लावता येईनात, म्हणून अंगणावर कडब्याचा मांडव घातला आणि झाडाची रोज मनातल्या मनात माफी मागितली. खिडकीच्या विटा मी स्वतः काढल्या. शेवटची वीट निघाली आणि बोळातला वारा तोंडावर आला, त्याच्याबरोबर कापसाचा एक पुंजकाही. पलीकडून चाची म्हणाली, "आला गं आला." तिच्याही घरात आला होता.

रामनवमी झाली आणि विहीणबाई आल्या, पुन्हा भर बाराला. बैल विकत घ्यायला आल्यासारख्या खोलीभर फिरल्या. भिंतीला हात लावला, वर पाहिलं, खाली पाहिलं. मी कोपऱ्यातलं सूप पुढं केलं, पहाटेपासून खोलीत ठेवलेले पापड. एकही तडकला नव्हता. त्यांनी एक उचलून वाकवून पाहिला आणि पाटावर बसल्या. मी पाणी आणायला गेले.

परत आले तर त्या भिंतीला टेकून झोपलेल्या. तोंड उघडं, घोरणं असं की चाचीची धुनकी थांबली. खिडकीतून येणारा कापूस त्यांच्या अंबाड्यावर बसत होता. सासूबाईंनी दारातून पाहिलं, आत गेल्या, आणि तुपाचा गडगा फळीवरून पुढं ओढला. त्याचा आवाज मला ऐकू यावा इतक्या जोरात.

चार वाजता विहीणबाई उठल्या. "पोर निजणार कुठं म्हणता?"

"इथंच," मी म्हणाले, "तुम्ही उठल्या तं."

"पाठवतो," त्या म्हणाल्या. मग अंबाडा झटकत, "पण पहिली येळ हाय. मीही राह्यतो दहा-पंधरा दिवस. इथंच, पोरीपाशी."

नणंद आली, वैशाखात तिला मुलगी झाली, आणि विहीणबाई दहा-पंधरा दिवस म्हणता म्हणता चांगल्या महिनाभर राहिल्या. दुपारी आळीतल्या बायका बाळंतिणीला पाहायला म्हणून यायच्या आणि ऊन उतरेपर्यंत हलायच्या नाहीत.

बारशाला माझे बाबा पहिल्यांदाच आमच्याकडं गाडी जुंपून आले. आदल्या वर्षी मीच त्यांना सांगून ठेवलं होतं, लांबून चमकताना दिसंल ते माझं घर. ते चमक शोधत आळीच्या टोकापर्यंत गेले, तिथून परत आले, पुन्हा गेले. शेवटी चाचीनं त्यांना हाताला धरावं तसं दारात आणून सोडलं.

"कुठं हायत वं तुझी टिनं? दोन चकरा झाल्या," बाबा घामानं निथळत होते.

"आहेत बाबा. दिसत नाहीत," मी म्हणाले. "आत तं या."

ते आत आले, खिडकीसमोर बसले आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग पाळणा हलला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, बायका गेल्या. बाबा तिथंच. बैल बाहेर कंटाळले, तरी ऊन कलेपर्यंत ते काही उठले नाहीत.