डिनर शोचा आहेर

दीड महिन्यापूर्वी तीर्थपुरीहून मामेभावाचा फोन आला. "ताई, दादा गेले," एवढंच तो म्हणाला. दादा म्हणजे त्याचे वडील, माझे दिगंबरमामा. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला एक टॉवेल-टोपी आठवली आणि फोन कानाला तसाच असताना हसू आलं. माणूस गेल्यावर हसणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण मामांची आठवण न हसता काढायची म्हणजे ती अर्धीच काढायची.

गोष्ट दोन हजारच्या सुमाराची. मी जालन्यात कॉलेजला होते. मस्तगडला एका दुकानावरच्या हॉलमध्ये पुण्याहून आलेल्या एका सरांनी बॉलरूम डान्सचा क्लास काढला होता. मुलानं आणि मुलीनं एकमेकांना धरून, जोडीनं करायचा हा नाच, हे क्लासात जाईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. आईनं बाबांना 'व्यायामाचा क्लास' असं सांगून ठेवलेलं. ते खपूनही गेलं असतं, पण सरांनी डिनर शो ठरवला. औरंगाबाद रोडच्या एका मंगल कार्यालयात आधी आमचे नाच, मग सगळ्यांना जेवण, आणि प्रत्येकानं घरचं माणूस आणायचंच. पत्रिका नेमकी बाबांच्या हातात पडली, आणि तिच्यात माझ्या नावाशेजारी माझ्या नाचातल्या जोडीदाराचं, नितीनचं नाव छापलेलं! बाबा मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले आडते. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. "मी येणार न्हाई," ते आईला म्हणाले. "तुझ्या भावाला बोलाव. त्यानं बघून यावं. तो न्हाई म्हणला तर क्लास बंद, अन् परतूरच्या स्थळाला होकार." मला तेव्हा नाचापलीकडं जगात काही दिसत नव्हतं. आणि माझा निकाल लावणार कोण, तर उभ्या जन्मात तमाशालाही न गेलेले, तीर्थपुरीत कापूस पिकवणारे मामा.

शोच्या दिवशी मामा दुपारच्याच एसटीनं आले. स्वच्छ धोतर, कडक टोपी आणि काखेत पिशवी. मंगल कार्यालय, पत्रिका, जेवण... एवढं कानावर आल्यावर त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं. संध्याकाळी आम्ही आत शिरलो. गोल टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी आणि मेणबत्त्या, दाराशी कोटातले सर. मामांनी चौफेर नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं, "नवरदेव-नवरी कुठंयत?"

"मामा, लग्न न्हाई हे."

"मंग हे लोक जेवू का घालून राह्यले?"

मी अडवेपर्यंत मामा सरांपुढं उभे. पिशवीतून कुंकू काढून त्यांनी सरांना टिळा लावला, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी चढवली आणि त्यांच्या बायकोसाठी खणही हातात दिला. सगळा हॉल हसत सुटला. मला तर तोंड कुठं लपवू असं झालं. पण सर मोठे गोड माणूस, त्यांनी ती टोपी शो संपेपर्यंत डोक्यावरून उतरवली नाही. कोटावर टोपी घालून त्यांनी वाकून, हात पुढं करून आपल्या बायकोला खुर्चीवरून उठवलं, तिच्याबरोबर पहिला नाच केला, आणि मामांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

मग आमची पाळी आली. नितीनचा हात माझ्या पाठीवर, माझा त्याच्या खांद्यावर. प्रत्येक गिरकीला मी मामांचा चेहरा शोधायची. डोळे बारीक, टाळ्या वाजवणारे हात आता मांडीवर. बाजारात बैल पारखताना बसावं तसे बसलेले. संपलं सगळं, मी मनाशी म्हटलं.

घरी बाबा बाजेवर वाट बघत होते. "काय बघितलं?"

"दाजी, पुऱ्या गरमागरम होत्या. बिलकुल तेलकट न्हाई."

"नाच कसा होता?"

"गुलाबजामही बराबर झाल्ते. कढी तेवढी आंबट..."

आईनं तोंडाला पदर लावला. बाबा चिडले. "अरे, त्या पोराचा हात कुठं होता ते सांग!"

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पाठीवर होता. पडू देत नव्हता तिला. परतूरवाला एवढं जपून धरणार हाय का, तेवढं इचारून घ्या आधी."

परतूरला नकार कळवला गेला, माझा क्लास चालू राहिला आणि आज पुण्यात माझा स्वतःचा क्लास आहे. मामांनी मात्र त्या संध्याकाळचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मला वाटायचं, भाचीच्या मायेपोटी त्यांनी माझी बाजू घेतली, बाकी नाच काही त्यांना रुचला नसावा. विचारायचं राहून गेलं... आणि आता ते गेलेच.

फोन आल्यावर मी तीर्थपुरीला गेले, दिवसकार्य होईपर्यंत राहिले. मामींचे गुडघे कामातून गेलेले, तरी बसतात खालीच. पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळी त्या उठायला लागल्या. आधी त्यांनी उजवा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. समोर कोणीच नव्हतं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी हात खाली घेतला.

"सवय झाली, बाई," त्या म्हणाल्या. "हे तुझा नाच बघून आल्ते ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी बसलेली, अन् हे वाकून, हात पुढं करून उभे! मी म्हणलं, येड लागलं का, लेकरं बघून राह्यलेत. तर म्हणतात, जालन्यात बाईला असं उठवतात. तवापासून एकटीला कधी उठू दिलं न्हाई मला."

फोनवर न आलेलं रडू तेव्हा आलं. डोळे पुसले, मामींपुढं वाकले आणि हात पुढं केला.

मामींनी तो पाहिला, पण धरला नाही.

"असा न्हाई, बाई. तळवा वर कर," त्या म्हणाल्या. "अन् ओढायचं न्हाई. मी हात दिला की मंग धरायचं."