चाकाखालचा दगड

दादाला जीपमध्ये घातलं तेव्हा तो बोलत होता. छातीत कळ, अंगाला घाम, आणि तरी मलाच सांगत होता, "घाबरू नको, चाकूरचा दवाखाना काय लई लांब न्हाई." लांब नव्हतंच. पण पावसाची झड लागलेली, काळी माती, शेतातल्या घरापासून सडकेपर्यंतची ती पाणंद... जीप मधेच रुतली.

अशा वेळी सगळं गाव दादालाच हाक मारायचं. त्याचा ट्रॅक्टर भागातला सगळ्यात म्हातारा, पण फोर व्हील. पन्नास घोड्यांचं इंजन, पुढं आठ गिअर, मागं दोन, आणि सीटखालचा लोखंडी दांडा ओढला की पुढची चाकंही जोर लावणार. हॉटेलात चहाला बसला की हे सगळं न विचारता सांगायचा, आणि शेवटी, "चारी चाकं वढतेत!" सेल्फ स्टार्टर कधीचाच गेलेला, म्हणून ट्रॅक्टर कायम घरापुढच्या उतारावर, चाकाखाली दगड. दगड काढला की घरंगळत सुरू. रोज जेवायच्या आधी पायानं तो दगड दाबून बघणार, मगच ताटावर बसणार. मी चिडवायची, वहिनीला बघायला गेलास तेव्हाही उतार बघूनच बसलास का रे? वहिनी पदर तोंडाला लावून हसायची.

त्या दिवशी शेजाऱ्यानं दगड काढून ट्रॅक्टर आणला, जीपला साखळी बांधली, दांडा ओढला. मागची चाकं नुसती चिखल उडवत फिरली. पुढची जागची हलली नाहीत. सगळे त्या दांड्याशी झटत होते, तेव्हा दादा मला हळूच म्हणाला, "नका झटू. पुढच्या चाकांचा गिअर तुटलाय... दोन वर्षं झाली."

लातूर, नांदेड, पार हैदराबाद पालथं घातलं होतं त्यानं. तो गिअर आता कुणी बनवतच नाही. दोन्ही वर्षं पाऊस बेताचा, कुणाची गाडी रुतली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगायचं नाही का, म्हणून मी ओरडलेच. तर म्हणतो, "सांगितलं असतं तर मला कुणी बोलावलं असतं?"

बाजेवर घालून चिखलातून नेला. सडक यायच्या आधीच त्याचं बोलणं थांबलं. मला अजून राग येतो, त्याचा, त्या गिअरचा, त्या मातीचा. राग करून तरी काय होणार.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले तेव्हा ट्रॅक्टर पुन्हा उतारावर लावलेला होता. खाली पाणंदीत कुणाची तरी ट्रॉली रुतली होती. माणसं आमच्या दारावरून, मान खाली घालून, पलीकडच्या गावचा ट्रॅक्टर आणायला गेली. वहिनी दारात उभी होती. सांजच्याला तिनं ताटं वाढली, बाहेर गेली आणि पायानं दगड दाबून आली.